तिसरा चेंडू वर जायला ऑगस्ट उजाडला

करोनातून उठलेल्या शिक्षकांच्या अनुभवांवरचा लेख वाचला. रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी आजार संपत नाही, हे लेखातल्या सरांचं म्हणणं अगदी खरं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणाला ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरले, तेव्हा वाचले. एप्रिल २०२१ मध्ये मात्र गाठलंच. नऊ दिवस दवाखान्यात काढले.

खरं आजारपण घरी आल्यावर कळलं. फोडणीचा वास येईना. अंघोळ केली तरी पलंगावर बसून दम घ्यावा लागे. श्वास ओढायचं ते तीन चेंडूंचं यंत्र दिलं होतं, त्यातला तिसरा चेंडू वर जायला ऑगस्ट उजाडला. तोवर ऑनलाइन तास सुरूच. एकदा सतराचा पाढा घेताना ‘सतरा पंचे पंच्याऐंशी’ला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. पलीकडून एका पोरानं आपणहून पाढा उचलला, शेवटपर्यंत नेला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही पाणी प्या.” फोन ठेवून मी खूप रडले.

आमचं सगळं काम आवाजावर. १ डिसेंबर २०२१ला पहिली ते चौथीचे वर्ग भरले, तेव्हा मास्क लावून दोन इयत्ता एकत्र शिकवताना छाती भरून यायची. हा अशक्तपणा रजेच्या अर्जात कुठे लिहायचा?

आमच्या शाळेतल्या एक बाई परतल्याच नाहीत. त्यांच्या सुरेख अक्षरातलं हजेरीपत्रक अजून कपाटात आहे.