गप्पी सोडले म्हणून डेंग्यू टळत नाही

पहिला पाऊस पडला की सोसायटीच्या ग्रुपवर तो संदेश येतोच : ‘डबक्यात, तळ्यात, नदीत गप्पी मासे सोडा. एक मासा रोज शेकडो अळ्या फस्त करतो. डेंग्यू हद्दपार! खर्च नाही, निसर्गाला अपाय नाही.’ पाठवणाऱ्याची तळमळ खरी असते, म्हणूनच उत्तर देतो.

‘अळ्या फस्त करतो.’ अळ्या तो खातो, यात वाद नाही. पण बरणीत अळ्यांखेरीज काहीच न मिळणारा मासा वेगळा आणि तळ्यातला वेगळा. तळ्यात त्याला शेवाळ, बारीक जीव, गाळातलं काहीबाही, सगळंच मिळतं. मलेरियाबाबत कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २०१३ आणि २०१७ साली उपलब्ध अभ्यास तपासले. काही ठिकाणी अळ्या घटल्या होत्या; माणसांचा मलेरिया घटला का, हे नीट मोजलेला एकही अभ्यास हाती लागला नाही.

‘डेंग्यू हद्दपार.’ इथे पत्ताच चुकलाय. डेंग्यूचा एडिस डास नदीकडे फिरकत नाही. त्याला लागतं घराजवळ साठलेलं पाणी : कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर, करवंटी. करवंटीत मासा सोडणार कसा? शिवाय एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीच महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून तर आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळून पिंपं घासायला सांगतात. कंटाळवाणं काम आहे, फॉरवर्ड कोण करणार!

‘निसर्गाला अपाय नाही.’ खरी गोम इथे आहे. गप्पी मूळचा त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा. तो अंडी न घालता थेट पिल्लं देतो आणि मादी नराचं बीज बरेच दिवस साठवून ठेवते, त्यामुळे एकटी मादीसुद्धा नवी वसाहत उभी करू शकते. गढूळ, कोमट, प्राणवायू कमी असलेलं पाणी त्याला चालतं. सांडपाण्याने मळलेल्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या ओढ्यांत इथले मासे मागे हटतात, तेव्हा हा पाहुणा टिकून राहतो. त्याचाच भाऊबंद गंबुशिया, तोही डासांसाठीच जगभर सोडलेला, आज जगातल्या १०० घातक उपऱ्या जीवांच्या यादीत आहे. इतर माशांची आणि बेडकांची अंडी-पिल्लं तो खातो. कोकणातल्या सड्यांवरची, म्हणजे कातळ पठारांवरची, पावसाळी डबकी आठवा. तिथे मासे नसतात, म्हणूनच बेडूक निर्धास्त अंडी घालतात. त्याच पाण्यात चतुरांची पिल्लं आणि पाणकिडे डासांच्या अळ्या टिपत असतात. हा पहारा फुकट चालू असताना त्यात मूठभर गप्पी ओतायचे कशाला?

‘आरोग्य खातंही सोडतं की!’ सोडतं. शहरी मलेरियाचा डास विहिरी-टाक्यांत वाढतो. बांधीव टाकी किंवा जिचं पाणी ओढ्याला मिळत नाही अशी विहीर असेल, तर माझीही हरकत नाही. फक्त आधी पाण्यात डोकावून बघा. डोक्यावर चकाकता ठिपका असलेला, पृष्ठभागालगत फिरणारा इथलाच पिकू मासा दिसला, तर अळ्या खायचं काम तो आधीपासून करतोच आहे.