'सडेतोड' यांना उत्तर: बेसिल, मॅन्युएल आणि माझं काउंटर

'फॉल्टी टॉवर्स' या बीबीसीच्या जुन्या विनोदी मालिकेचा (बेसिल हा हॉटेलमालक, मॅन्युएल त्याचा स्पॅनिश वेटर) डीव्हीडी संच पुन्हा बघून लिहिलेल्या माझ्या लेखावर 'सडेतोड' या नावानं लिहिणाऱ्या वाचकांची प्रतिक्रिया आलीय. खाली दोन ओळी टाकायला बसलो होतो, पण वाढत गेलं म्हणून वेगळंच टाकतोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: नोकराला उठसूट बडवणारा मालक म्हणजे विनोद नाही, मी आठवणींत लोळतोय, हॉटेलच्या इमारतीबद्दल चुकीची माहिती दिली, हॉटेलात कायम राहणाऱ्या मेजरच्या वर्णद्वेषी बडबडीवर चकार शब्द काढला नाही, आणि सहलेखिका कॉनी बूथचं नाव अख्ख्या लेखात नाही.

आधी चूक कबूल करतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. इमारत टॉर्कीची नाही. गोष्ट टॉर्की या इंग्लंडच्या समुद्रकाठच्या गावात घडते, पण बाहेरून जे हॉटेल दिसतं ते बकिंगहॅमशायरमधलं वूबर्न ग्रेंज, आणि १९९१ मध्ये ते जळालं. मी 'टॉर्कीला गेलो तर त्या पायऱ्यांवर उभा राहीन' असं लिहून बसलो होतो, ते काढलंय. माझी चूक. पण त्यासाठी 'लिहिण्याआधी गूगल करायचे कष्ट घेतले असते तर' हे कशाला? नुसतं 'इमारत दुसरीकडची आहे' म्हटलं असतं तरी मला कळलं असतं, मराठी येतं मला. टॉर्कीचा संबंध आहेच म्हणा, १९७० मध्ये मॉन्टी पायथॉन या ब्रिटिश विनोदी चमूची मंडळी तिथल्या ग्लेनईगल्स हॉटेलात उतरली होती आणि तिथल्या मालकानं त्यांच्यातल्या एरिक आयडलची बॅग आत बॉम्ब असेल म्हणून बाहेर नेऊन ठेवली, आत होतं गजराचं घड्याळ. त्यांच्यातल्याच जॉन क्लीजला, म्हणजे पुढे बेसिल करणाऱ्याला, बेसिल तिथे सापडला. हे तुमच्या गूगलवर असेलच.

आता ते वाक्य. जसंच्या तसं देतो: 'अशा मारकुट्या मालकाला खदखदून हसणाऱ्या माणसानं आयुष्यात कधी कोणाच्या हाताखाली काम केलेलं नसणार.'

सडेतोड, आपण मला ओळखत नाही. मी १९८६ ते १९९२ महाबळेश्वरच्या एका लॉजच्या काउंटरवर होतो. अठ्ठावीस खोल्या, एक फोन, किल्ल्यांचा बोर्ड आणि ते जाडं रजिस्टर. मे महिन्यात सकाळी सहापासून रात्री गाड्या थांबेपर्यंत उभा, खुर्ची होती पण मालक दिसला की बसायचं नाही असा अलिखित नियम. पगार सांगत नाही, लाज वाटेल. हाताखाली काम म्हणजे काय ते मला कॉमेंटमधून शिकवू नका, प्लीज.

आणि म्हणूनच पहिल्या भागातला तो सीन मला पाठ आहे. बेसिल फोनवर बोलत असतो, समोर नवा पाहुणा फॉर्म भरतोय, त्यानं एकच नाव लिहिलं म्हणून बेसिल त्याला दरडावतो, दोन्ही नावं लिहा म्हणून. तो शांतपणे सांगतो की मी लॉर्ड मेलबरी, त्यामुळे नुसतं मेलबरीच लिहितो. बेसिल थिजतो. मग फोनवरच्या माणसाला 'जा' म्हणतो आणि फोन ठेवून देतो. त्यानंतर जे लोटांगण सुरू होतं ना! खिडकीजवळ जेवायला बसलेल्या एका कुटुंबाला उठवतो, लॉर्डला ती जागा हवी म्हणून. आमच्याकडे अगदी हेच झालंय हो. सांगलीचं एक कुटुंब, दरवर्षी येणारं, पोहे अर्धे खाऊन झालेले, आणि पोर्चमध्ये लाल दिव्याची गाडी लागली. मालक स्वतः प्लेटा उचलून त्यांना भटारखान्याच्या दाराजवळच्या टेबलावर घेऊन गेला, आजोबांची काठी मागेच राहिली ती मी नेऊन दिली. त्याच सकाळी चहा सांडला म्हणून जावळी भागातल्या आमच्या वेटर पोराच्या कानाखाली बसली. साहेबांसमोरच. साहेबांनी पेपर वर केला.

मी काय केलं विचाराल. मी रजिस्टर लिहीत होतो. असो, तो आत्ताचा मुद्दा नाही.

मुद्दा हा की पावसाळ्यात लॉज बंद, भिंतींना बाहेरून गवत बांधलेलं, गिऱ्हाईक नाही, आम्ही चारजण राखणीला. एका जुन्या पारशी पाहुण्यांनी दिलेली याच मालिकेची व्हिडिओ कॅसेट होती, ती मालकाच्या व्हीसीआरवर लावायचो. त्या पोराला इंग्रजी ओ की ठो येत नव्हतं, मॅन्युएललाही येत नाही, तेच दोघांचं जमलं. तो मॅन्युएल 'के?' म्हणाला की हा जमिनीवर लोळायचा. सगळ्यात जोरात तो हसायचा, आमच्यातला एकटा मार खाल्लेला तो. एकदा मालक मागे उभा राहून बघत होता, त्यालाही हसू आवरेना, म्हणाला 'काय येडा माणूस आहे राव, याचं हॉटेल चालतं कसं?' आम्ही कोणी कोणाकडे बघितलं नाही.

तर सांगा आता कोण कधी कोणाच्या हाताखाली राबलेलं नाही. आपण कुठे नोकरी करता माहीत नाही, एसी असावा असा अंदाज.

शिवाय बेसिल जिंकतो कुठे? लॉर्डच्या बॅगेत विटा निघतात, तो भामटा असतो, आणि खरेखुरे सर आणि लेडी दारात उभे असतात ते बेसिलचा तमाशा बघून गाडीत बसून निघून जातात. बाराच भाग, सहा १९७५ चे आणि सहा १९७९ चे, आणि बाराही भागांत हा माणूस वरच्याचे पाय धरतो, खालच्याला लाथ मारतो, आणि तोंडघशी पडतो तो स्वतःच. क्लीजनंही सांगितलंय की मॅन्युएलची गंमत स्पॅनिश लोकांवर नाही, भाषा न येणारा माणूस स्वस्तात ठेवून मग त्याच्यावरच ओरडणाऱ्या मालकांवर आहे. मॅन्युएल करणाऱ्या अँड्र्यू सॅक्सला शूटिंगमध्ये खरंच लागलं हे आपण ठळक अक्षरांत लिहिलंय. हो लागलं, एकदा पातेलं जोरात बसलं, एकदा आगीच्या सीनमध्ये भाजलं. ते अपघात होते. (सॅक्स मूळचा बर्लिनचा, १९३८ मध्ये नाझींपासून पळून आलेल्या घरातला, हे माहीत असल्यावर 'द जर्मन्स' हा जर्मन पाहुण्यांचा भाग वेगळाच दिसतो, पण ठळक अक्षरांत लिहायच्या नादात ते राहिलं वाटतं.)

'नॉस्टॅल्जियात लोळणारे' याबद्दल. भाच्यानं इंग्लंडमधल्या रीडिंगहून आणलेला संच रीजन २ चा (तिकडचा), माझा प्लेअर रीजन ५ (आपल्याकडचा), रिमोटवर कुठले कुठले आकडे दाबून तो अनलॉक करण्यात माझा अख्खा रविवार गेला. याला लोळणं म्हणत असाल तर म्हणा.

राहिला मेजर. ओव्हलवर भारताची मॅच बघायला एका बाईला घेऊन गेलो होतो असं सांगत तो भारतीयांना कुठली शिवी आणि वेस्ट इंडियन्सना कुठली याचा शांतपणे खुलासा करतो, तो 'द जर्मन्स'मधला प्रसंग. बीबीसीनं २०१३ च्या पुनःप्रक्षेपणात तो कापला, २०२० मध्ये यूकेटीव्हीनं तो भाग काही दिवस काढूनच टाकला होता, माझ्या डीव्हीडीत आहे. हसायचं मेजरवर आहे, शिवीवर नाही, कळत नसेल तर काय करणार. भाचा बाजूला बसला होता, तो त्या वेळी उठून पाणी प्यायला गेला. यावर कधीतरी सविस्तर लिहीन.

कॉनी बूथ अनवधानानं राहिली. प्रत्येक लेखात सगळ्यांची नावं घ्यायची तर श्रेयनामावलीच छापावी लागेल. ठीक आहे, बाराही भाग क्लीज आणि तिनं मिळून लिहिलेत, पॉली ही वेट्रेस तिनंच केलीय, दुसरी मालिका आली तेव्हा दोघांचा घटस्फोट झालेला होता तरी एकत्र लिहिलं. घातलंय नाव लेखात, दुसऱ्या परिच्छेदात, बघून घ्या.

आणि शेवटी 'उत्तर देण्याची हिंमत असेल तर' असं लिहिलंत. रात्रीचा पाऊण वाजलाय, पाठ दुखतेय, त्या काउंटरपासूनची आहे ती. पुढच्या वेळी खऱ्या नावानं लिहा, मग बोलू.