मलमाची घरगुती चाचणी

पुरुषांसाठी मलम निघालंय म्हणे. संबंधाआधी लावायचं, नंतर पुसायचं, गुप्तरोगाची कटकट संपली. भिया, आपण इंदूरकर! 2017पासून स्वच्छतेत देशात पहिले. जंतूंची काय टाप आहे?

तेव्हा कंपनीवर न विसंबता चाचणी घरीच करा. मलम लावणारे तुम्ही. तुलनेला मलम न लावणारा एक मित्र घ्या. त्याला सांगायची गरज नाही, उगाच घाबरेल.

परंपरा थोर आहे. 1906 साली पॅरिसला मेचनिकॉफ आणि रू या शास्त्रज्ञांनी पाऱ्याचं कॅलोमेल मलम आधी माकडांवर तपासलं, मग एका वैद्यकीच्या विद्यार्थ्यावर. त्याला मुद्दाम उपदंशाचे (सिफिलिसचे) जंतू टोचले आणि तासाभरानं मलम चोळलं. पोरगा वाचला. आजच्या नीतिसमित्या मात्र अगदीच अरसिक. मुद्दाम लागण करायची नाही म्हणतात. हजारो माणसं महिनोन्महिने तपासायची, वर सगळ्यांना कंडोमही द्यायचे. परीक्षा मलमाची आणि पेपर सोडवणार कंडोम!

नॉनॉक्सिनॉल-9 या शुक्राणूनाशकाची गोष्ट कुणी काढली तर विषय बदला. प्रयोगशाळेत ते एचआयव्हीला मारत होतं. बायकांवर चाचणी झाली तेव्हा वारंवार वापरणाऱ्यांमध्ये लागण उलट वाढली, कारण ते रसायन साबणाच्या जातीचं, आतली नाजूक त्वचाच सोलवटायचं. युगांडातल्या राकाईत सुंता न झालेल्या पुरुषांची पाहणी झाली. तिथंही संबंधानंतर लगेच धुणाऱ्यांत लागण जास्त, सावकाश धुणाऱ्यांत कमी निघाली. आपण मात्र घासायचं. हवं तर फरशीच्या फिनाइलचे चार थेंबही टाका. (टाकू नका हो! हे सांगावं लागतं, कारण टाकणारे आहेत.)

निकाल दुसऱ्याच सकाळी, पोहे-जलेबी खायच्या आत लावा. काही दिसत नाही? मलम पास! उपदंशाचा फोड साधारण तीन आठवड्यांनी येतो, दुखत नाही, आणि काही आठवड्यांनी आपला आपण बराही होतो. रोग आत तसाच राहतो. फोड गेल्याचं श्रेयही मलमालाच द्या. रक्त तपासायला जाऊ नका, एवढ्या चांगल्या निकालावर पाणी पडेल.

आता तुम्ही म्हणाल, सरळ निरोधच का नको? 1968पासून देशात मिळतोय. पण दुकानात मागायचा कसा? मी दवा बाजाराजवळ चार वेळा हिय्या करून गेलो. पहिल्यांदा शेजारी कुणाची तरी आई उभी होती, खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. मग पट्टी. मग पुन्हा गोळ्या. चौथ्यांदा दुकानदारानंच विचारलं, "भाऊ, खोकला अजून गेला नाही का?"

म्हणून मलमच बरं. फक्त रिकामी ट्यूब कचरागाडीच्या कुठल्या कप्प्यात टाकायची, ते रात्रीच ठरवून ठेवा. सकाळी गाडीपाशी शेजारच्या काकू आधीच उभ्या असतात, आणि त्या लेबल वाचतात.