सव्वाएकतीस इंचांचा भाचा

माझा भाचा सहा फूट चार इंच. लोकलमधल्या कड्या त्याच्या कपाळाला लागतात. हात पसरले की भरतात 78 इंच. त्याला धनुष्य हवं होतं. वावेला अडीचने भागायचं, ओढ निघते, म्हणजे बाण सोडताना दोरी किती मागे येणार ते. त्याची निघाली सव्वाएकतीस. बाजारातल्या धनुष्यांवरचा पौंडांचा आकडा, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, 28 इंचांच्या ओढीचा असतो.

"मामा, माझ्या मापाचं तू बनव ना," तो म्हणाला. लॉकडाऊनमध्ये मी एक पाट केला होता (तो डुगडुगतो), तेवढ्या भांडवलावर मी हो म्हणालो.

ओढीची दुप्पट, शिवाय न वाकणाऱ्या मुठीसाठी वीतभर, म्हणजे सहा फूट लाकूड हवं. रे रोडच्या वखारीत धामणीचं लाकूड मिळालं. संस्कृतात हिला धनुर्वृक्षच म्हणतात, हे मी वखारवाल्याला सांगितलं. त्याने भाव वाढवला. मालडब्यात एका मावशीने विचारलं, "पडद्याचा रॉड का, भाऊ?"

दहा बाय बाराच्या खोलीत सहा फुटी दांडा फिरवायचा, तर आधी माणसं बाहेर काढावी लागतात. बायको गॅलरीत जाऊन बसली. शेजारच्या काकू रोज डोकावायच्या. "कपडे वर टाकायला काठी झकास होईल हो!" मी दुर्लक्ष करायचो.

धनुष्याची पाठ, म्हणजे बाणाच्या दिशेची बाजू, तिला हात लावायचा नाही. लाकडाचा एकच थर टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिला पाहिजे. खरवडायचं ते पोट. माळ्याच्या कडीखाली मूठ अडकवायची, दोरी वजनकाट्याला बांधून इंचाइंचाने खाली ओढायची आणि लांब उभं राहून बघायचं, मुठीच्या दोन बाजूंपैकी कुठलं पातं आळशी आहे, म्हणजे कमी वाकतंय. आळशी जागा खरवडायची. मग दुसरं पातं आळशी वाटतं. ते खरवडायचं. असं करता करता आमच्या पुरणपोळीच्या पिठात भुसा सापडला. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे नको.

त्यात जुलै. लाकूड हवेतलं पाणी पितं, मऊ पडतं आणि वाकलं की तसंच वाकलेलं राहतं. दोरी काढली तरी धनुष्य आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं पोक काढून उभं. शेवटी दांडा महिनाभर माळ्यावर, पेटत्या बल्बशेजारी झोपवला. बिल आलं ते मी आधी लपवलं.

ऑक्टोबरात 28 इंचांना 40 पौंड! दोन्ही पाती सारखी, बाक असा की बघत राहावं. बाकीचं जग इथे थांबतं. भाचा थांबत नाही. म्हणजे अजून खरवडा, कारण पुढचा प्रत्येक इंच दोन-अडीच पौंड वाढवतो. 29 झाले. 30 ला खालच्या पात्याने बारीक 'टिक्' केलं. मी ते ऐकलं नाही असं ठरवलं.

साडेतीसला आवाज झाला तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधले लोकही खिडकीत आले.

काकू पहिल्या पोचल्या. त्यांनी मोठा तुकडा उचलला, कपड्यांच्या दांडीकडे वर करून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"आखूड पडतंय हो."