‘पाच ओळींची स्क्रिप्ट’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रियेबद्दल आभार. साइट चालू आहे का ते सतत तपासून बंद पडली की इशारा देणाऱ्या अपटाइम मॉनिटरिंग सेवेतल्या नव्या सुविधांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता, “हे सगळं क्रॉनला लावलेल्या पाच ओळींच्या स्क्रिप्टने होतं. लेखकाने कधी सर्व्हर सांभाळलेला दिसत नाही.” (क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय.)

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ओळख ना पाळख, आणि थेट माणसाच्या कामावर शेरा? रात्री-अपरात्री फोन उचलत, झोपेतून उठून लॉग चाळत कित्येक वर्षं हेच काम केलंय मी. तुम्ही नम्रपणे विचारलं असतंत, तरी उत्तर हेच दिलं असतं.

एवढं मान्य, की स्वतःपुरती छोटी साइट चालवणाऱ्याला स्टेटस पेज, म्हणजे साइट चालू की बंद हे सगळ्यांना दाखवणारं पान, लागत नाही.

आता तुमची स्क्रिप्ट. माझ्या एका ग्राहकाकडे अशीच होती. डेटाबेस बसला, पानावर ‘संपर्क होऊ शकला नाही’ एवढी एकच ओळ उरली, पण सर्व्हर स्टेटस कोड देत होता 200, म्हणजे ‘सगळं ठीक’. स्क्रिप्टच्या लेखी सगळं आलबेल. रात्रभर एकही ऑर्डर आली नाही आणि इशाराही गेला नाही. नवी कीवर्ड तपासणी नेमकी यासाठी आहे : पानावर ठरलेला शब्द दिसला नाही, की कोड काहीही असो, साइट बंद धरायची.

शिवाय ती स्क्रिप्ट चालते कुठे? त्याच सर्व्हरवर असेल, तर सर्व्हरबरोबर तीही जाते. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं, तेव्हा त्यांची आतली साधनंही त्याच नेटवर्कपायी अडली होती. पहारेकरी घराबाहेरच हवा. दुसऱ्या एकाच मशीनवर ठेवलीत, तर त्या मशीनचं नेट गेलं तरी बोंब साइटच्या नावाने. म्हणून दोन-तीन ठिकाणांहून खात्री करून मगच इशारा देण्याची सोय आली. हे पाच ओळींत बसवून दाखवा, मी आनंदाने वापरेन.

साइट सुरक्षित (https) असल्याची खात्री देणाऱ्या सर्टिफिकेटच्या मुदतीच्या इशाऱ्यालाही तुम्ही ‘खेळणं’ म्हणालात. मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे ईमेल 2025 मध्ये बंद केले, आणि सर्टिफिकेटची कमाल मुदत 2029 पर्यंत 47 दिवसांवर येणार आहे. ज्याचं नूतनीकरण गुपचूप अडकलंय, त्याला कळवायचं कोणी?

किंमत, डॅशबोर्डचे रंग वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे आवडीनिवडीचे आहेत, त्यात मी पडत नाही. स्क्रिप्ट मात्र इथे टाका. माझ्या सर्व्हरवर चालवून काय होतं ते लिहीन. आणि पुढच्या वेळी लेख शेवटपर्यंत वाचून लिहा, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.