डबा टीव्ही आणि त्याचं खोकं

भंगारवाला 'नको' म्हणाला तेव्हा मला त्या टीव्हीची पहिल्यांदा कीव आली. त्याआधी नुसता राग होता. १९९९ च्या वर्ल्ड कपसाठी बारा हप्त्यांवर घेतलेला २१ इंची टीव्ही. चौदा वर्षं हॉलमध्ये आणि मग अकरा वर्षं माळ्यावर.

"डबा टीव्ही आता कोण घेतं काका? एलईडी असला तर द्या, फुटका पण चालेल."

"फुकट न्या."

"फुकटात परवडत नाही. शंभर रुपये द्या, नेतो."

रद्दीच्या पाव किलोसाठी ताणकाट्याशी डोळे भिडवून भांडलेला मी माणूस. भंगारवाल्याला उलटे पैसे द्यायचे हे माझ्या घराण्यात बसत नव्हतं. त्यातून २०१३ साली नवा एलईडी घेताना दुकानदार याचे ५०० रुपये देत होता. "चौदा हजारांच्या टीव्हीचे पाचशे?" असं म्हणून बायकोने ते बाणेदारपणे नाकारले होते. त्या बाणेदारपणाचं वजन पंचवीस किलो आहे हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

तरी मी शंभराची नोट काढली होती. तेवढ्यात आमच्या सईने त्याला विचारलं, "दादा, तुम्ही याचं करणार काय?"

"फोडणार. मागे तांब्याची गुंडाळी असते, ती काढणार."

"आणि काच?"

तो प्रामाणिक माणूस होता. त्याने हनुवटीने नाल्याकडे दाखवलं.

नोट परत खिशात गेली आणि मला दारातच शिकवणी मिळाली. टीव्हीच्या नळीचा मागचा भाग नरसाळ्यासारखा असतो. त्याच्या काचेत शिसं असतं, आतले क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून घातलेलं. आई आम्हाला "लांब बसा रे" म्हणून ओरडायची ते उगाच नव्हतं तर. आता ते शिसं नाल्यातून नदीत जायचं आणि नदीतून कुठे, हे सई सांगणार होती, पण भंगारवाला तोवर पुढच्या बिल्डिंगीत पोचला होता.

सईने मग ई-कचऱ्याचे, म्हणजे टाकाऊ इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे, सरकारी नियम दाखवले. २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले. त्यात १०६ प्रकारच्या वस्तूंची यादी आहे आणि सगळ्याचं सार असं, की ज्याने वस्तू बनवली त्यानेच तिच्या शेवटाची सोय लावायची. ज्यांनी बारसं केलं, तेरावंही त्यांनीच घालायचं. मला हे फारच न्याय्य वाटलं आणि मी कंपनीला फोन लावला.

नवीन खरेदीसाठी १, दुरुस्तीसाठी २, तक्रारीसाठी ३. तेराव्यासाठी काहीच नव्हतं. मी ३ दाबलं. वीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक गोड आवाज आला आणि त्याने टीव्हीच्या मागचा नंबर मागितला. टीव्ही माळ्यावर, पाठ भिंतीला. मी स्टुलावर चढलो, तिथून माळ्यावर, तिथून रांगत टीव्हीपाशी. दातांत टॉर्च, कानाला फोन. निम्मा नंबर कसरीने खाल्लेला. उरलेला वाचून दाखवला.

"सर, हे मॉडेल आमच्या सिस्टीमला दिसत नाहीये."

"मला दिसतंय. माझ्या मांडीवर आहे."

"आणखी काही मदत करू शकते का सर?"

माळ्यावरून उतरायला मदत हवी होती, पण ती त्यांच्या कक्षेत येत नसावी.

शेवटी सईनेच शोध लावला, की दोन आठवड्यांनी कोथरूडमधल्याच एका मैदानावर, रविवारी ९ ते १२, एक संस्था ई-कचरा गोळा करणार आहे. "नुसता टीव्ही नाही बाबा. घरातलं सगळं काढायचं."

सगळं म्हणजे काय, हे मला हॉलमधल्या फळीखालचा खण उपसताना कळलं. नोकियाचे बारीक पिनेचे चार्जर चार, जाड पिनेचे दोन. कुठल्याच यंत्राला न लागणारी एक वायर, जी प्रत्येक दिवाळीच्या सफाईत हातात येते आणि प्रत्येक दिवाळीत परत जाते. स्टॅबिलायझर. तारा ढिल्या झालेल्या डास मारायच्या रॅकेटी तीन. आणि पुरीसारखी टम्म फुगलेली मोबाइलची बॅटरी. ती सईने चिमटीत धरून बाल्कनीतल्या रिकाम्या कुंडीत नेऊन ठेवली. तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. एवढी बडदास्त आमच्या घरी फक्त व्याह्यांची होते.

प्रत्येक चार्जरवर एक बारीक चित्र होतं. चाकाची कचरापेटी आणि तिच्यावर फुली. 'घरच्या कचऱ्यात टाकू नका, वेगळं द्या' असा त्याचा अर्थ. मी इतकी वर्षं तो 'टाकू नका' एवढाच लावला होता आणि इमानेइतबारे पाळला होता.

जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क मात्र मी तशीच द्यायला तयार नव्हतो. तिच्यात सत्यनारायणाचे २०० फोटो होते, त्याची मला फिकीर नव्हती. पण 'पासवर्ड' नावाची एक फाइलही होती. "डिलीट केली होती ना?" बायकोने विचारलं. सई म्हणाली, डिलीट म्हणजे पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडणं. पानं आतच असतात. मग मी स्क्रू काढून ती उघडली. आत आरशासारखी लख्ख चकती आणि त्यात घामेजलेला मी. खलबत्त्यातला बत्ता आणून घातला एक घाव. चकती ढिम्म. आवाज मात्र असा टण्णकन आला की समोरच्या साने काकूंनी दार उघडून विचारलं, "आज आरती लवकर?" चार घावांत तिला पोचा आला आणि बत्त्याला ओरखडा. चकतीचं बायकोला काही नव्हतं. शेवटी ड्रिल मागून आणून तीन भोकं पाडली. आतून दोन लोहचुंबक निघाले. ते मी सहज फ्रिजला लावले, आणि आता ते फ्रिजचे आहेत. निघत नाहीत. वाण्याची यादी त्यांच्याखालून फाडून घ्यावी लागते.

त्याच रात्री जेवताना सईने टोकियो ऑलिंपिकचं सांगितलं. तिथली सुमारे ५००० पदकं जपानने लोकांच्या जुन्या उपकरणांतून काढलेल्या धातूंची केली होती. त्यासाठी ६२ लाख मोबाइल जमवले, शिवाय इतर यंत्रं. सोनं निघालं ३२ किलो.

बायकोचा घास थांबला. "किती?"

"बत्तीस किलो."

"आणि आपण फुकट देतोय?"

मी कागद घेतला. सगळं सोनं मोबाइलमधूनच आलं असं धरलं, तरी एका फोनला पाच मिलिग्रॅम. आमच्या सात फोनांचे झाले पस्तीस. त्यात नथीचा मोती ओवायची तारही होणार नाही. आणि एवढ्याशा सोन्यासाठी दिल्लीच्या सीलमपुरात माणसं उघड्या हातांनी सर्किटं तेजाबात बुडवतात, असं सई म्हणाली, तेव्हा बायको काही न बोलता उठली आणि कपाटातून फोन घेऊन आली. सहाच. सातवा चालू आहे म्हणे. त्याचा स्पीकर गेलाय, आवाज जात नाही, बॅटरी टिकत नाही. पण चालू आहे.

रविवारी सकाळी टीव्ही त्याच्या मूळ खोक्यात घातला. हो, खोकं होतं. थर्माकोलसकट. आमच्याकडे वस्तू जाईल, खोकं जात नाही. लिफ्ट बंद असल्यामुळे शेजारचे देशपांडे मदतीला आले. "मी मागून धरतो," असं मी नम्रपणे म्हणालो. डबा टीव्हीचं सगळं वजन तोंडाशी असतं हे त्यांना दुसऱ्या मजल्यावर कळलं. तिथून खालपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

मैदानावर ही रांग. एक आजोबा ट्रान्झिस्टर पोटाशी धरून उभे होते आणि मागच्याला सांगत होते, "चालू आहे हो. फक्त स्टेशन लागत नाही." त्यांचा नंबर आला तेव्हा ते बाजूला झाले, मागच्याला पुढे जाऊ दिलं, मग त्याच्याही मागच्याला. मी निघालो तेव्हा ते तिथेच होते.

हातमोजे घातलेल्या मुलीने सगळं काट्यावर चढवलं. "एक्केचाळीस किलो." फुगलेली बॅटरी तिने वेगळ्या डब्यात ठेवली, हार्ड डिस्क उचलून भोकांतून माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पेटीत टाकली. पावती दिली. मग म्हणाली, "काका, खोकं आणि थर्माकोल परत न्यायचं. ते ई-कचऱ्यात येत नाही. आणि हा सेट-टॉप बॉक्स तुमचा की केबलवाल्याचा?"

२०१३ साली केबल डिजिटल झाली तेव्हा तो घरात आला होता. विकत की भाड्याने, हे तेव्हाच्या केबलवाल्याला माहीत असणार. तो केबलवाला आता जमिनी विकतो.

"मग आधी विचारून घ्या," ती म्हणाली.

घरी आल्यावर खोकं माळ्यावर चढवलं. सेट-टॉप बॉक्स त्याच्यातच ठेवला, नाहीतर सापडायचा नाही. मी स्टुलावर, बायको खाली स्टूल धरून.

"कडेला सरकवा जरा. इकडे जागा राहू दे."

"कशाला?"

"एलईडीला. परवापासून उजवीकडचं चित्र निळं दिसतंय."