कोंबडीसाठी बंदर अडवायचे का?

आज सकाळी लोकलमध्ये आमच्या रोजच्या गटातील एका गृहस्थांनी अंदमान-निकोबारमधल्या ग्रेट निकोबार बेटावरच्या बंदर-प्रकल्पाची बातमी मोठ्याने वाचली आणि ‘आता काय, कोंबडीसाठी बंदर अडवायचे?’ असे विचारून सगळा डबा हसवला. मी गप्प बसलो. त्याचा दिवसभर राग येतो आहे, त्यांचा आणि त्याहून जास्त माझा.

ती ‘कोंबडी’ म्हणजे निकोबारचा मेगापोड हा पक्षी. सरकारने 1969 पासून त्या बेटावरच्या कॅम्पबेल बे येथे माजी सैनिकांची कुटुंबे वसवली, त्यांत माझ्या मोठ्या मामांचेही घर होते. डिसेंबर 2003 मध्ये मी तिकडे गेलो, तेव्हा मामांनी किनाऱ्यालगतच्या झाडीत माती, वाळू आणि कुजक्या पाल्याचा कमरेएवढा ढीग दाखवला. मला तो उकिरडाच वाटला. ‘घाल हात,’ मामा म्हणाले. कोपरापर्यंत हात गेला तर आत ऊब होती, गावाकडे शेणखताच्या ढिगात असते अगदी तशी. हा पक्षी अंड्यांवर बसत नाही. कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेनेच ती उबतात, आणि पिल्लू स्वतःच माती उकरून वर येते ते आईबापांवाचून जगायला तयार होऊनच.

पुढच्याच वर्षी त्सुनामी आली आणि किनाऱ्याकडेचे असे कितीतरी ढीग वाहून गेले. त्यातून जे पक्षी तगले, त्यांच्या वाट्याला आपण काय दिले? त्याच बेटावरच्या गॅलेथिया खाडीचे अभयारण्य जानेवारी 2021 मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर 2022 मध्ये बंदर, विमानतळ, शहर व वीजप्रकल्प यांना पर्यावरण मंजुरी दिली. त्यासाठी सुमारे 130 चौरस किलोमीटर वर्षावन जाणार, आणि भरपाईची झाडे कुठे लावणार, तर हरियाणात! तिथे कुठल्या ढिगात हात घालून ती ऊब शोधायची, हे कोणीतरी मला सांगावे. इमारतीच्या पुनर्विकासात आवारातला आंबा तोडून ‘दुसरीकडे पाच लावू’ म्हणणारे आपण रोज पाहतो. हा त्यातलाच प्रकार, फक्त बेटाएवढा.

आपला बराच माल मोठ्या जहाजांत चढवण्या-उतरवण्यासाठी कोलंबो-सिंगापूरला न्यावा लागतो, हे मान्य. सात बेटांमधल्या खाड्या बुजवून उभ्या राहिलेल्या शहरात बसून मी हे लिहितो आहे, हेही कबूल.

ते गृहस्थ माणूस म्हणून वाईट नाहीत. गॅलरीत चिमण्यांसाठी पाण्याची वाटी ते न चुकता ठेवतात. त्यांनी त्या ढिगात कधी हात घातलेला नाही, इतकेच. आणि ज्याने घातला तो समोर बसून मोबाईल पाहत राहिला.

मामा आता नाहीत. मघाशी मामेभावाला फोन केला. तो ढीग लाटेत गेला हे ठाऊक होते, पण जरा आतल्या बाजूला नवा झाला आहे आणि पहाटे जोडी पायांनी पाला मागे फेकताना दिसते, असे तो म्हणाला. उद्या लोकलमध्ये त्या गृहस्थांशेजारी जागा मिळाली, तर अंधेरी येईपर्यंत त्यांना हेच ऐकावे लागेल.